फवारणीचे ड्रोन उडण्यापूर्वी स्थिर का ठेवावे?

पिकांवरील फवारणीसाठी ड्रोनचा उपयोग आपल्याकडे आता होऊ लागला आहे. बॅटरी जोडल्यावर हे यंत्र काही वेळ जमिनीवर निश्चल राहू द्यावे लागते. तेवढाही धीर पुष्कळांस नसतो. वस्तुतः ह्याच वेळी यंत्र खाली कोणती बाजू व उत्तर कोणती, हे ठरवीत असते.

ड्रोनमध्ये जायरोस्कोप व त्वरणमापक अशी दोन साधने असतात. पहिले वळणे मोजते, दुसरे वेगातील बदल मोजते. त्यांच्या मोजणीची बेरीज करीत यंत्र आपला कल व जागा जाणते. उपग्रहांकडून जागेची खूण मधून मधून मिळते. मधल्या काळात भिस्त ह्या बेरजेवरच. कलाच्या अंदाजात १ अंशाची चूक राहिली व दुसरा आधार नसला, तर १० सेकंदांत जागेचा हिशेब सुमारे साडेआठ मीटरांनी चुकतो. औषधाचे पट्टे सरकले म्हणजे कोठे दुहेरी मात्रा बसते, कोठे पीक कोरडे राहते, आणि बांधापलीकडच्या शेतकऱ्याशी तंटा होतो तो निराळाच.

ही चूक काढण्याची गणिती रीत रुडॉल्फ कालमान ह्यांनी १९६० साली प्रसिद्ध केली. ते बुडापेस्ट येथे जन्मले व पुढे अमेरिकेत संशोधन करीत. अपोलो चांद्रयानांच्या मार्गदर्शनात ही रीत वापरली गेली. तिचे मर्म मात्र विहिरीच्या काठावर समजण्यासारखे आहे.

समजा, काल विहिरीत १२ हात पाणी होते. पंपाचा उपसा पाहता आज १० हात असावे. दोरी सोडली तर ९ हात भरते. हिशेबही कच्चा आणि वाऱ्याने हलणारी दोरीही कच्ची. दोरीवर आपला विश्वास हिशेबाच्या दुप्पट असेल, तर पाणी ९ हात व आणखी एक तृतीयांश हात धरावे. परंतु रोजच हिशेब त्याच बाजूस चुकू लागला, तर पंप आपण समजतो त्याहून अधिक उपसतो हे ध्यानात येते. कालमान ह्यांची रीत अशीच, पाण्याबरोबर पंपाचा दोषही शोधून काढते.

ड्रोन निश्चल असता जायरोस्कोपने शून्य दाखवावे. जे अधिक दाखवील तो त्याचा दोष. त्वरणमापकास गुरुत्वाकर्षणावरून खालची दिशा कळते. अशा वेळी कोणी यंत्र हलविले, तर ती हालचालच दोष म्हणून नोंदली जाण्याचा संभव असतो.

उत्तर दिशेची गोष्ट वेगळी आहे. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. मोठ्या विमानांतील सूक्ष्म जायरोस्कोप ही गती ओळखून, काही मिनिटे उभे असतानाच उत्तर शोधतात. ड्रोनमधील स्वस्त साधनास ते जमत नाही. त्याच्या स्वतःच्या दोषातच ती गती बुडून जाते. म्हणून तेथे होकायंत्र असते, किंवा उपग्रहांच्या दोन अँटेना. होकायंत्र लोखंडाने फसते. ट्रॅक्टरची ट्रॉली, लोखंडी खाट, जनरेटर, इतकेच काय, आत सळया असलेले सिमेंटचे खळे, ह्यांपासून दूर, मोकळ्या सपाट मातीवरच ड्रोन ठेवावे. उत्तर चुकल्यास ड्रोन एका जागी न तरंगता वाढती वर्तुळे घेऊ लागते. असे दिसताच फवारणी थांबवून ते उतरवावे, जागा बदलावी, आणि पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे होकायंत्र पुन्हा जुळवूनच टाकीत औषध भरावे.