तरतरी उतरते तेव्हा

नरकचतुर्दशीच्या दुपारी घरोघर एक मरगळ पसरते आणि तिचे खापर सर्वजण करंज्या-लाडवांवर फोडून मोकळे होतात. फराळाला नावे ठेवणाऱ्यांतला मी नव्हे. म्हणूनच हा अन्याय मला बघवत नाही. अंगातली तरतरी उतरते तेव्हा ती कशी उतरते हे नीट न्याहाळावे, म्हणजे खरा गुन्हेगार सापडतो.

आधी आपला चहा घेऊ. आपण जागे असतो तोवर मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते. ते आपल्या ठरलेल्या जागी बसले की पेंग येते. चहा-कॉफीतले कॅफीन नेमक्या त्याच जागा अडवते, एस.टी.त खिडकीतून रुमाल टाकावा तसे! अ‍ॅडेनोसिन उभे राहते, पण गाडीतून उतरत नाही. सुमारे 5 तासांत निम्मे कॅफीन ओसरते, रुमाल उचलले जातात आणि ताटकळलेली झोप धपकन बसून घेते. म्हणजे चहाने शीण जात नाही, नुसता दिसेनासा होतो.

रोजच्या चहाबाजाचा मेंदू तर जादा बाकेच टाकून ठेवतो. मग एखादे दिवशी चहा चुकला की 12 ते 24 तासांत डोके ठणकू लागते. पहिले दोन दिवस कठीण. सारे निवळायला आठवडासुद्धा लागतो. आमच्याकडे हरितालिकेच्या संध्याकाळी कपाळाला पट्टी बांधून बसलेल्या बायका ‘पित्त झालं’ म्हणतात. पुष्कळदा ते पित्त नसते, चुकलेला चहा असतो. गंमत अशी की, डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफीनच असते!

तंबाखूची तऱ्हा निराळी. सुमारे 2 तासांत रक्तातले निकोटीन निम्म्यावर येते आणि माणूस चिडचिडा होतो. विडीने मन शांत होते, मशेरी लावल्याशिवाय कामाला हात लागत नाही, असे सांगणाऱ्यांना मी नेहमी म्हणतो, ‘अहो, आग लावणाराच बंब घेऊन येतो आहे!’ हा उतार पहिल्या दोन-तीन दिवसांत फार छळतो आणि काही आठवड्यांत पुष्कळ सैलावतो.

सर्वांत खोल उतार अ‍ॅम्फेटामिनचा. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना जागे ठेवण्यासाठी याच गोळ्या दिल्या जात. ती मेंदूतला उत्साहाचा साठाच भसाभस ओतून टाकते. नंतर येते ती गाढ झोप, राक्षसी भूक आणि जीव नकोसा करणारी उदासी. तिथे चहा-साखरेच्या गप्पा चालत नाहीत. डॉक्टरच गाठावा लागतो.

आता आरोपी साखर. 2019 साली 31 प्रयोगांचा एकत्र ताळा मांडण्यात आला. गोड खाऊन हुरूप येतो, याला त्यात पुरावा मिळाला नाही. उलट तासाभरात सावधपणा थोडा कमी आणि थकवा थोडा जास्तच आढळला. म्हणजे इथे चढच नाही, मग उतार कुठला? थोडी सुस्ती, एवढाच साखरेचा अपराध. नरकचतुर्दशीची खरी मरगळ आहे ती रात्री बारापर्यंत चकल्या तळून पहाटे चारला अभ्यंगस्नानाला उठण्याची! अ‍ॅडेनोसिनची ती गर्दी फक्त झोपच पांगवते.

एका ठिकाणी मात्र चूक परवडणारी नाही. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याला घाम फुटला, हात थरथरू लागले, बोलणे असंबद्ध झाले, तर ‘दमला असेल, पडू द्या’ म्हणू नका. त्याची रक्तातली साखर खरोखरच घसरलेली असू शकते. शुद्धीवर असेल तर ताबडतोब साखरपाणी द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठा. बाकीच्यांनी दुपारी खुशाल ताणून द्यावी. चार वाजता चहासाठी उठवायला कोणीतरी येतेच!