'बिल्ड लावलंय' म्हणजे नेमकं काय?

आपल्या बाजारहत्नूरकडची मुलं-मुली इंजिनिअरिंग करून हैदराबादला, पुण्याला जातात. त्यांतलं कोणी 'एम्बेडेड'मध्ये असलं, की फोनवर एक वाक्य हमखास ऐकू येतं: "बिल्ड लावलंय, रात्रभर चालेल." हे रात्रभर काय चालतं, ते घरच्यांसाठी थोडक्यात.

यंत्राच्या चिपमध्ये बसणारा प्रोग्राम म्हणजे फर्मवेअर. तो माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहितात. चिपला समजेल अशा भाषेत त्याचं रूपांतर कंपायलर करतो. लिहिणाऱ्याच्या लॅपटॉपचा प्रोसेसर वेगळा, यंत्रातला वेगळा. म्हणून इथे क्रॉस-कंपायलर लागतो. शिंपी आपल्या दुकानात बसून परगावच्या गिऱ्हाईकाचे कपडे नुसत्या मापावरून शिवतो, तसंच हे. जीसीसी हा १९८७ पासूनचा मोफत कंपायलर या कामात फार वापरतात. मुंबईच्या आयआयटीत प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकाराने जीसीसी रिसोर्स सेंटर उभं राहिलं आणि त्याच्या अंतरंगावर कार्यशाळाही झाल्या.

पण आजची चिप एकटी नसते, अख्खं एकत्र कुटुंब असतं. झायलिंक्सची 'झिंक अल्ट्रास्केल प्लस' घ्या. (हैदराबादेत मोठं केंद्र असलेली ही कंपनी २०२२ मध्ये एएमडीने घेतली.) तिच्या एका प्रकारात चार मोठे प्रोसेसर, तत्काळ प्रतिसादासाठी दोन वेगळे, वीज सांभाळणारा आणखी एक, आणि वर हवं तसं जोडता येणारं सर्किट. प्रत्येकाचा प्रोग्राम वेगळा, कंपायलरही वेगवेगळे. चिप सुरू झाली की आधी पहिला लोडर, मग यू-बूट, मग लिनक्स, असा मानपान ठरलेला. 'बूटजेन' नावाचं टूल हे सुरुवातीचे तुकडे क्रमाने एका फाइलीत बांधतं.

हा सगळा स्वयंपाक सांभाळतात ती बिल्ड टूल्स. डाळ शिजल्याशिवाय पुरण वाटता येत नाही. पण कणीक पुन्हा मळावी लागली म्हणून कोणी डाळ पुन्हा शिजवत नाही. नेमकं हेच 'मेक' करतं. स्टुअर्ट फेल्डमन यांनी ते १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये लिहिलं. बदललं तेवढंच पुन्हा करायचं, ही त्याची युक्ती. २०१० मध्ये सुरू झालेल्या योक्टो प्रकल्पात तर टूलचं नावच 'बिटबेक' आणि सूचनांना 'रेसिपी' म्हणतात! लिनक्सचा एकेक भाग मुळापासून शिजवायचा, म्हणून पहिल्या बिल्डला तासन्‌तास लागतात.

चुकलं तर? फ्लॅशमध्ये बिघडलेली फाइल गेली की यंत्र सुरूच होत नाही; बहुतेक वेळा ती पुन्हा भरता येते. पण सुरक्षेच्या किल्लीची खूण चिपमधल्या ई-फ्यूजमध्ये एकदा जाळली की ती मागे घेता येत नाही. शिवाय यंत्र दहा-पंधरा वर्षं वापरात राहतं. तेव्हा दुरुस्ती करायची तर त्याच वेळची टूल्स, त्याच आवृत्तीची, हाताशी असावी लागतात. नव्या आवृत्तीने तोच प्रोग्राम वेगळा वागू शकतो. माझ्या मते कोड लिहिण्याइतकंच हे जपून ठेवणं महत्त्वाचं, आणि कॉलेजात नेमकं तेच कमी शिकवतात.

घरी शिकायचं असेल तर योक्टोऐवजी 'बिल्डरूट'ने सुरुवात करावी. ते मोफत आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. फक्त पहिल्या वेळी बरंच डाउनलोड होतं, तेव्हा नेट चांगलं असेल तिथे करून घ्यावं. बोर्ड विकत घेण्याचीही घाई नको. तयार झालेलं लिनक्स 'क्यूईएमयू'मध्ये, म्हणजे लॅपटॉपमधल्याच नकली यंत्रावर, चालवून बघता येतं.