मकबऱ्याच्या पाठीमागची लेणी

छत्रपती संभाजीनगर शहरात येणारे पर्यटक बहुधा बिबी-का-मकबरा पाहिल्याखेरीज परत जात नाहीत. आणि पाहून बाहेर पडणाऱ्यांपैकी अनेकांच्या तोंडी एकच उद्गार असतो : ताजमहालाची सर याला नाही. ‘दख्खनचा ताज’ ही बिरुदावली या वास्तूस केव्हा चिकटली असेल ती असो. तिने वास्तूचे हित मात्र साधले नाही. आग्र्याच्या चित्राची प्रत शोधायला आलेल्या दृष्टीला येथे जाडसर वाटणारे मिनार आणि काळवंडलेला गिलावा एवढेच दिसते.

वस्तुतः या तुलनेला ऐतिहासिक आधार आहे. औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू बेगम हिचे १६५७ साली याच शहरात निधन झाले. तिच्या समाधीचा स्थपती अताउल्ला हा ताजमहालाचे प्रमुख स्थपती मानले गेलेले उस्ताद अहमद लाहोरी यांचा पुत्र. प्रवेशद्वारावरील लेखात त्याच्याबरोबर हंसपतराय याचेही नाव आहे. बांधकामास ६ लाख ६८ हजार २०३ रुपये खर्च आल्याची नोंद सांगितली जाते. ताजच्या खर्चापुढे ही रक्कम अगदीच अल्प होय. फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये याला सुरत-गोवळकोंडा मार्गावर संगमरवर वाहून नेणाऱ्या तीनशेहून अधिक गाड्या भेटल्या होत्या. त्यांतील लहानात लहान गाडीसही बारा बैल जुंपलेले होते, असे तो लिहितो. इतक्या दुरून दगड आणणे परवडणारे नव्हते. त्यामुळे संगमरवर खालच्या पट्ट्यात, जाळ्यांत आणि घुमटावर वापरला गेला. उरलेल्या भागात दख्खनचाच काळा दगड आणि त्यावर चुन्याचा शुभ्र गिलावा आला.

या गिलाव्यात उठवलेली वेलबुट्टी हे मकबऱ्याचे खरे वैशिष्ट्य. परंतु ताजचा पुतळा मनात घेऊन आलेला पाहुणा नेमका याच कामापुढून न थांबता निघून जातो. अष्टकोनी जाळीआडून खाली डोकावल्यावर दिसणारी, वर कसलाही दगडी डोलारा नसलेली साधी कबरही त्याच्या स्मरणात राहत नाही.

मकबऱ्याच्या उत्तरेस दोन-तीन किलोमीटरवर, डोंगराच्या कुशीत औरंगाबाद लेणी आहेत. वेरूळ आणि अजिंठा या दोन मोठ्या नावांच्या सावलीत ही लेणी कायम झाकलेली राहिली. १९८३ साली ती दोन्ही स्थळे जागतिक वारसा यादीत गेली आणि पर्यटकांचे दिवस तेथेच संपू लागले. वास्तविक येथील चौथे लेणे हे प्राचीन चैत्यगृह असून उरलेल्यांपैकी महत्त्वाची लेणी मुख्यतः इसवी सनाच्या सहाव्या-सातव्या शतकांतील आहेत. तिसऱ्या लेण्यात बुद्धमूर्तीसमोर गुडघे टेकून बसलेल्या स्त्रीपुरुष भक्तांचे दोन समूह आहेत. आकार जवळजवळ माणसाएवढा. प्रत्येकाची केशरचना आणि अलंकार वेगळे. देवतांच्या मूर्ती सर्वत्र आढळतात, सामान्य उपासकांना एवढी जागा क्वचितच मिळते. सातव्या लेण्यात अवलोकितेश्वराभोवती संकटांची दृश्ये कोरलेली आहेत : आग, चोर, बेडी, बुडणारे जहाज, सिंह, सर्प, मत्त हत्ती. व्यापारी तांड्यांना वाटेत कशाचे भय वाटे, याची ही जणू यादीच. त्याच लेण्याच्या गाभाऱ्यात वादक स्त्रियांच्या मध्ये उभी असलेली नर्तकी आहे. शिक्षकांनी मुलांना केवळ ही दोन दृश्ये समोर उभे करून दाखविली तरी इतिहासाचा एक तास सार्थकी लागेल.

याहून अधिक उपेक्षा पितळखोऱ्याच्या वाट्याला आली आहे. कन्नड तालुक्यात, सातमाळा डोंगराच्या एका खोल घळीत ही लेणी आहेत. त्यांचा आरंभ इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास झाला. म्हणजे ती वेरूळपेक्षा कित्येक शतके जुनी आणि अजिंठ्याच्या सर्वांत जुन्या लेण्यांच्या बरोबरीची आहेत. ओळीने उभ्या हत्तींचा चौथरा हे येथील सुप्रसिद्ध शिल्प. उत्खननात सापडलेली एक हसरी यक्षमूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे; ती कण्हदास नावाच्या सोनाराने घडविल्याचे तिच्या हातावरच कोरलेले आहे. शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावेही आहेत. पैठणचा मितदेव नावाचा गंधी, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, आणि राजवैद्य मगिल यांनी ही दाने दिली. कोण्या राजाने नव्हे, याच जिल्ह्यातील एका दुकानदाराने आणि एका वैद्याने दगड कोरण्यास पैसे दिले, ही गोष्ट पैठणच्या शाळेतील विद्यार्थ्याला ठाऊक असायला हवी. बहुतेकांना ती नसते.

पितळखोऱ्याचा दगड मात्र कच्चा आहे. थर सुटतात, पाणी मुरते. कित्येक लेण्यांचे दर्शनी भाग ढासळून गेले आहेत. जे ढासळले ते परत येणार नाही. प्रसिद्ध वास्तूंकडे निधी आणि लक्ष आपोआप वळते, अप्रसिद्ध वास्तूंची पडझड मात्र कुणाच्या तक्रारीवाचून होत राहते. तथापि गर्दी हा त्यावरील उपाय नव्हे. अजिंठ्याच्या पायथ्याशी वाहनांची रीघ लागू लागली तेव्हा खासगी गाड्या फर्दापूर फाट्यावर, सुमारे चार किलोमीटर अलीकडेच थांबवून पुढे बसने नेण्याची व्यवस्था करावी लागली. लहान लेण्यांना तेवढी गर्दी पेलवणार नाही.

पंचायतीस येथे करता येण्यासारखी कामे साधीच आहेत : पायवाटेची निगा, पिण्याचे पाणी, कचरा नेण्याची सोय आणि पुरातत्त्व विभागाशी नियमित संपर्क. रंगरंगोटी, सिमेंटचे चौथरे, नव्या कमानी यांचा उत्साह आवरलेलाच बरा. केंद्रसंरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत बांधकामास मनाई आहे आणि त्यापुढील दोनशे मीटरमध्ये पूर्वपरवानगी लागते, ही २०१० च्या दुरुस्तीनंतरची तरतूद ग्रामसभेत वाचून दाखविणे उपयुक्त ठरेल. शेतात नांगरताना जुनी नाणी अथवा दागिने यांसारखे गुप्तधन निघाल्यास निखात निधी अधिनियम, १८७८ अन्वये जिल्हाधिकाऱ्यांस कळवावयाचे असते. ही माहिती तर शेतकऱ्यांपर्यंत फारशी पोहोचतच नाही.

शालेय सहलींचा मार्ग ठरविणाऱ्यांच्या हाती बरेच आहे. वेरूळ, दौलताबाद आणि मकबरा एकाच दिवसात उरकण्याची प्रथा रूढ आहे. त्यातून मुलांना बसच्या खिडकीतून दिसणारे बरेच आणि डोळ्यांनी पाहिलेले थोडे मिळते. मकबरा वगळण्याचे कारण नाही. सकाळी आधी लेणी, मग मकबरा असा क्रम ठेवला, आणि ताजचे नाव न काढता गिलाव्याची वेलबुट्टी दाखविली, तर तीच वास्तू वेगळी दिसते. पितळखोऱ्यास मात्र लहान तुकडीच न्यावी. उतरणीच्या पायऱ्या बऱ्याच आहेत आणि घळीत ओढा वाहतो. त्यामुळे ऐन पावसाळा टाळून हिवाळ्यात, मुलांजवळ पाणी देऊन आणि सूर्य कलण्याआधी वर येता येईल अशा बेताने निघावे.