बारा तासांची नोंद

"आईला काय काय करता येत नाही, त्याची तारीखवार नोंद हवी आहे ताई," आमच्या जुन्या शेजारीण काकूंचा मुलगा फोनवर म्हणाला. तो इंग्लंडमध्ये भूलतज्ज्ञ आहे. तिथे कायम राहण्याचा परवाना मिळून त्याला बरीच वर्षं झाली. आईला तिकडे न्यायचं तर तिचं परावलंबित्व कागदावर सिद्ध करायला हवं, आणि ते रोज पाहणाऱ्या मावशींना लिहायची सवय नाही. आईला न जमणाऱ्या गोष्टी मुलाला अशा मोजाव्या लागतात, हे ऐकून मला राहवेना. वही घेऊन मी काकूंच्या कोथरूडच्या फ्लॅटवर जाऊ लागले.

मावशी परभणीकडच्या, ब्यूरोतून आलेल्या. "आधी हे लिहा ताई, माझी ड्यूटी बारा तासांची. सकाळी आठ ते रात्री आठ." मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. नुसतं 'अंघोळ घालते' असं त्यांनी सांगितलं नाही. काकू दचकू नयेत म्हणून पहिलं पाणी पायांवर, मग पाठीवर, डोक्यावर कधीच एकदम नाही. साडी सुटली, आता पुढून उघडणारा गाऊन, त्याची बटणंही काकू उलटसुलट लावतात. पोळी दुधात कुस्करून, घास हातात द्यायचा, नाहीतर ताटाकडे नुसत्या बघत बसतात. गॅसचा नॉब काढून कपाटात ठेवलेला. खोलीत डेटॉल आणि खोबरेल तेल यांचा मिसळलेला वास. घरी येऊन वही उघडली की मला तो पुन्हा येई.

फॉर्म, पासपोर्ट, क्षयरोगाची तपासणी, बोटांचे ठसे हे सगळं रीतसर होतं. खरी अडचण नियमातच आहे. पूर्वी पासष्टी ओलांडलेल्या, मुलावर अवलंबून असलेल्या आणि मायदेशी जवळचं कुणी नसलेल्या आईवडिलांना ब्रिटनमध्ये राहायला जाता येत असे. ९ जुलै २०१२ पासून ते दार जवळजवळ बंद झालं. आता वय, आजार किंवा अपंगत्व यांमुळे अंघोळ, कपडे, स्वयंपाक अशा रोजच्या गोष्टींसाठी दीर्घकाळ दुसऱ्याची मदत लागते, हे दाखवावं लागतं. शिवाय मुलाने पैसे पाठवूनही ती मदत इथे मिळत नाही किंवा परवडत नाही, हेही. मदत करू शकणाऱ्यांत सरकारी मार्गदर्शिका नातेवाइकांबरोबर घरकामाची बाई, नर्स, वृद्धाश्रम हे सगळं धरते. म्हणजे मावशी जितकं चांगलं काम करतील, तितका काकूंचा अर्ज कमकुवत. आणि मुलगा तिकडे जितका जास्त कमावेल, तितकं 'परवडत नाही' हे म्हणणं खोटं ठरणार.

इंग्लंडमधल्या वकीलबाईंनी व्हिडिओ कॉलवर सगळी वही ऐकून घेतली आणि एकच प्रश्न विचारला: "रात्री कोण असतं?"

मावशींचे बारा तास संपले की उरतात ते दुसरे बारा तास. रात्रीसाठी ब्यूरोने पाठवलेल्या बायका टिकल्या नाहीत, कारण काकूंना स्मृतिभ्रंश आहे. अंधारात अनोळखी चेहरा दिसला की घरात कुणी शिरलंय असं वाटून त्या दारापाशी जाऊन रडतात. बाई बदलली की पुन्हा पहिल्यापासून तेच. अशा वेळी मुलाचा आवाज फोनवर ऐकवला की शांत होतात. हे मावशींनी शेवटी, आवरताना सांगितलं, कामाच्या यादीत धरलंच नव्हतं.

वकीलबाईंना नेमकं तेच हवं होतं. हा नियमच बेकायदा ठरवावा म्हणून 'ब्रिटसिट्स' या संघटनेने खटला लढवला. २०१७ मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयाने नियम कायम ठेवला, पण निकालात एक फट ठेवली: मायदेशी मिळणारी मदत त्या व्यक्तीसाठी योग्य आहे का हे पाहताना तिची मानसिक आणि भावनिक गरजही विचारात घेता येते, मात्र ती तज्ज्ञ डॉक्टरने लेखी सांगितलेली असावी. म्हणून मनोविकारतज्ज्ञ घरी आले. बराच वेळ काकूंजवळ बसले, मावशींना रात्रीबद्दल खोदून विचारलं, आणि अहवालात लिहिलं की बदलत्या अनोळखी माणसांच्या हाती काकूंची काळजी ठेवणं त्यांच्या प्रकृतीला घातक आहे. पुण्यात वृद्धांसाठी केंद्रं आहेत, हे ते लपवू शकत नव्हते आणि त्यांनी लपवलंही नाही.

वृद्धांच्या उपचारांचा भार करदात्यांवर पडू नये, ही तिथल्या सरकारची भूमिका मला समजते. पण त्यासाठीच तर मुलाकडून पाच वर्षांचं हमीपत्र घेतलं जातं, की आईचा सांभाळ तो सरकारी मदतीविना करेल. अर्जाची फीसुद्धा कित्येक वर्षं ३,२५० पौंड होती, आता त्याहून जास्त आहे, आणि नकार आला तरी ती परत मिळत नाही. ज्या माणसाने त्या देशाच्या शस्त्रक्रियागृहांत आयुष्य घालवलं, त्याला आईची रात्र सांभाळू देण्यासाठी आधी तिचं कुणीच नाही हे सिद्ध करायला लावणं अन्याय्य आहे. काकूंचा निकाल अजून आलेला नाही.

ज्यांची मुलं ब्रिटनमध्ये स्थायिक आहेत, त्यांच्या घरच्यांना माझं सांगणं आहे. नोंद आजच सुरू करा. दिवसाची करा आणि रात्रीची जास्त काळजीपूर्वक करा. काळजी घेणाऱ्या बाईंशी निवांत बसून बोला, डॉक्टरांकडून मनाच्या गरजेबद्दल स्पष्ट लिहून घ्या. आणि आईला पर्यटक व्हिसावर नेऊन तिथे तो बदलून घेऊ, असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. त्या व्हिसावर एका वेळी सहा महिनेच राहता येतं, आणि हा अर्ज मायदेशातूनच करावा लागतो.