केसपेपरवर नुसती ‘मजुरी’ लिहू देऊ नका

जून 2022 मध्ये अमरावती-अकोला मार्गावर लोणी ते माना असा 75 किलोमीटरचा डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत टाकून जागतिक विक्रम झाला. अशा प्रत्येक रस्त्याला गिट्टी लागते आणि ती क्रशरवरच्या मजुरांच्या श्रमातून येते. नांदगाव पेठ परिसरातल्या आपल्या वस्त्यांतूनही माणसे या कामावर जातात, म्हणून हे लिहिते आहे.

क्रशरमध्ये फुटलेला दगड रबरी पट्ट्यावरून चाळणीकडे आणि ढिगाकडे जातो. पट्ट्यावरून माल जिथे खाली पडतो तिथे धुळीचा लोट उठतो. पट्ट्याखाली सांडलेली चुरी ओढायला बहुतेक वेळा बाईच उभी असते. पट्टा आणि रोलर यांच्या फटीत पदर किंवा ओढणी सापडली, तर हात काढायलाही वेळ मिळत नाही.

डोळ्यांना न दिसणारी बारीक धूळ फुफ्फुसात खोलवर जाते. तोंडाला बांधलेला रुमाल ती अडवत नाही. आपल्याकडच्या काळ्या दगडात मोकळी सिलिका ग्रॅनाइटपेक्षा कमी असते, पण गारगोटी मिसळली की ती वाढते. सिलिकोसिसने फुफ्फुसावर पडलेले व्रण भरून येत नाहीत. क्षयाचा धोकाही वाढतो. खोकला, धाप, वजन घटणे ही लक्षणे दोन्ही आजारांत सारखीच. त्यामुळे क्षयाची औषधे सुरू होतात आणि धूळ तशीच राहते.

नर्स म्हणून काम करताना मी असंख्य केसपेपर हाताळले. धंद्याच्या रकान्यात एकच शब्द असायचा, ‘मजुरी’. त्या शब्दामागे क्रशर लपतो. डॉक्टरांना स्पष्ट सांगा: क्रशरवर काम, पट्ट्याखाली, इतकी वर्षे. ते लिहून घ्या. छातीचा एक्स-रे जपून ठेवा. सिलिकोसिस हा कायद्याच्या यादीतला व्यवसायजन्य आजार आहे. भरपाई मागताना हेच कागद कामी येतात.

मालकाकडे एकत्र जाऊन मागा: पट्ट्यावर झाकण, माल पडतो तिथे पाण्याचा फवारा, रोलरला जाळी, ओढताच पट्टा थांबेल अशी दोरी, एन-95 मास्क. साफसफाई पट्टा बंद करूनच. यंत्रापासून 3 ते 10 मीटरवर हवेतली धूळ घनमीटरला 600 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावी, असा पर्यावरण नियम आहे.

बाबासाहेब मजूरमंत्री असताना, 1943 मध्ये, कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. अडारकरांकडे सोपवले गेले. त्यातूनच 1948 चा राज्य विमा कायदा आला. तुमचे विमा कार्ड निघाले आहे का, हे विचारा.

येत्या पौर्णिमेला विहारात जमाल तेव्हा क्रशरवर जाणाऱ्या प्रत्येकाने आपला केसपेपर सोबत आणावा. नुसती ‘मजुरी’ असेल, तर पुढच्या तपासणीला दुरुस्त करून घ्यावी.

जय भीम!