भांडण ब्राझील-अर्जेंटिनाचं, गल्ली आपली

फुटबॉलचा विश्वचषक आला की कोल्हापूरच्या पेठांमधून फिरताना मोठी गंमत वाटते. एका चौकात ब्राझीलचा पिवळा-हिरवा झेंडा, पलीकडच्या बोळाच्या तोंडाशी अर्जेंटिनाचे निळे-पांढरे पट्टे आणि मधेच कुठेतरी जर्मनीवाल्यांनी लावलेलं भलंमोठं डिजिटल. बाहेरगावचा पाहुणा हे बघतो आणि हमखास विचारतो, ‘‘अहो, तुमचा आणि अर्जेंटिनाचा संबंध काय?’’

प्रश्न रास्त आहे. १९५० साली ब्राझीलमध्ये झालेल्या स्पर्धेत खेळायची संधी भारताला होती, ती आपण सोडली. तिथून पुढे २०२२ पर्यंत पुरुषांच्या मुख्य विश्वचषकात भारताचा संघ एकदाही उतरलेला नाही. म्हणजे आपण भांडतो ते दुसऱ्याच्या देशासाठी. पण कोल्हापुरातच वाढलेला माणूस म्हणून मला वाटतं, हे भांडण समजून घ्यायचं तर आधी मूळ भांडणाकडे बघायला हवं. कारण त्यातही एक चमत्कारिक गोष्ट आहे.

ब्राझील आणि अर्जेंटिना हे एकमेकांचे पक्के वैरी, असं आपण म्हणतो. दक्षिण अमेरिकेच्या स्पर्धांमधून ते सतत भेटतातही. पण विश्वचषकात २०२२ पर्यंत त्यांची गाठ पडली आहे फक्त चार वेळा. १९७४ ला ब्राझील २-१ नं जिंकलं. १९७८ ला ०-० बरोबरी. १९८२ ला ब्राझील ३-१, आणि त्या सामन्यात तरुण मॅराडोनाला लाल कार्ड दाखवून बाहेर काढलं. मग १९९० ला इटलीत तुरीन इथे ब्राझीलनं सामनाभर हल्ले केले, चेंडू गोलखांबाला आणि आडव्या दांड्याला लागून परत आला, आणि शेवटच्या दहा मिनिटांत मॅराडोनाच्या एका पासवर कॅनिजियानं गोल केला. अर्जेंटिना १-०. त्यानंतर २०२२ पर्यंतच्या आठ स्पर्धांमध्ये एकही भेट नाही. तरी वैर कमी झालं का? उलट वाढलं. चाहत्यांचं वैर सामन्यांवर पोसलं जात नाही, ते आठवणींवर पोसलं जातं. त्यातही जिंकल्याच्या आठवणीपेक्षा अन्यायाची आठवण जास्त टिकते.

१९७८ चंच बघा. स्पर्धा अर्जेंटिनात, देशात लष्कराची राजवट. अंतिम फेरीत जायला यजमानांना पेरूवर किमान चार गोलांच्या फरकानं विजय हवा होता. हा आकडा त्यांना नेमका ठाऊक होता, कारण ब्राझीलचा सामना त्याच दिवशी आधी उरकला होता. अर्जेंटिनानं पेरूला ६-० हरवलं. त्यात पेरूचा गोलरक्षक किरोगा हा जन्मानं अर्जेंटिनाच्या रोसारिओचा, आणि सामनाही रोसारिओतच! काही सिद्ध झालेलं नाही. पण ब्राझील त्या स्पर्धेत एकही सामना न हरता तिसऱ्या क्रमांकावर राहिलं आणि ब्राझीलवाल्यांनी ही फाईल आजतागायत बंद केलेली नाही.

संशयाला वाव राहिला की काय होतं, ते पुढच्याच स्पर्धेत स्पेनमध्ये दिसलं. १९८२ ला पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांना ठाऊक होतं की जर्मनी एक-दोन गोलांनी जिंकली तर दोघंही पुढे जातात आणि अल्जीरिया घरी. दहाव्या मिनिटाला जर्मनीचा गोल झाला आणि मग दोन्ही संघ चेंडू इकडून तिकडे ढकलत बसले. अल्जीरियाच्या चाहत्यांनी गॅलरीतून नोटा फडकावून दाखवल्या. पुढच्या विश्वचषकापासून गटातले शेवटचे सामने एकाच वेळी सुरू करायचा नियम आला, तो याच प्रकरणामुळे. प्रेक्षकाची बोंब नेहमी वायफळच असते असं नाही, एवढं यावरून म्हणता येईल.

आता आपल्याकडे येऊ. हे उसनं वैर आपल्या घरात शिरलं कसं? माझ्याच घरचं सांगतो. आमचे वडील ब्राझीलचे आणि धाकटा भाऊ अर्जेंटिनाचा. वडिलांनी पेलेला मैदानात कधी पाहिलेलं नव्हतं. १९५८, १९६२ आणि १९७० असे तीन विश्वचषक जिंकणारी ब्राझील त्यांना भेटली ती वर्तमानपत्रातल्या बातम्यांमधून आणि धूसर छायाचित्रांमधून. गोऱ्यांच्या खेळात काळ्या-सावळ्या पोरांनी गोऱ्यांना नाचवलं, ही गोष्ट त्यांच्या पिढीला फार भावली होती. १९७७ च्या सप्टेंबरात पेले न्यूयॉर्कच्या कॉसमॉस संघातून कोलकात्यात ईडन गार्डन्सवर मोहन बागानविरुद्ध खेळून गेला. सामना २-२ असा सुटला. आमच्या वडिलांना त्या बरोबरीचा अभिमान स्वतः खेळल्यासारखा होता.

भावाचा देव मात्र दूरदर्शनवरून आला. २२ जून १९८६. मेक्सिकोत भर दुपार, आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा. अर्जेंटिना विरुद्ध इंग्लंड. फॉकलंड बेटांवरून त्या दोन देशांत युद्ध होऊन चारच वर्षं झाली होती. मॅराडोनानं पहिला गोल हातानं केला, पंचांना तो दिसला नाही. चारच मिनिटांनी स्वतःच्या अर्ध्या भागातून निघून वाटेतल्या सगळ्या इंग्रजांना चकवत त्यानं दुसरा गोल केला. पहिला गोल चोरीचा आणि दुसरा चोख सोन्याचा. वडील म्हणाले, ‘‘हातानं केलेला गोल कसला गोल?’’ भाऊ म्हणाला, ‘‘इंग्रजांनी आपलं काय पायानं नेलं होतं का?’’ यावर काय बोलणार? पण भारतात, विशेषतः बंगाल आणि केरळात, अर्जेंटिनाचा एवढा मोठा चाहतावर्ग त्या स्पर्धेनंतर का उभा राहिला याचं अर्धं उत्तर मला त्या वाक्यात सापडतं. हरलेला संघ इंग्लंडऐवजी दुसरा कुणी असता, तर आपल्याकडे त्या रात्रीची जादू थोडी कमीच असती.

गोव्याचं मात्र वेगळं. तिथे पोर्तुगालच्या सामन्याला लोक जमतात, त्यामागे १९६१ पर्यंतचा साडेचारशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासाबद्दल गोव्यात मतं एकसारखी नाहीत. त्यामुळे पोर्तुगालचा झेंडा हातात घेणं तिथे निव्वळ खेळाची आवड राहत नाही. अर्जेंटिनाचा झेंडा आपल्याकडे निर्धास्त फडकवता येतो, कारण त्या देशानं आपलं ना काही बिघडवलं ना काही घडवलं.

पुढची पिढी मेस्सी, नेमार, रोनाल्डोची. २०२२ च्या स्पर्धेपूर्वी केरळात कोझिकोड जिल्ह्यातल्या पुल्लावूर गावी नदीच्या पात्रात अर्जेंटिनावाल्यांनी मेस्सीचा तीस फुटी पुतळेवजा फलक उभा केला. ब्राझीलवाल्यांनी लगेच शेजारी नेमारचा चाळीस फुटी. मग पोर्तुगालवाल्यांनी रोनाल्डोचा त्याहून उंच. फोटो जगभर गेला. प्रवाहाला अडथळा होतो अशी तक्रारही झाली, तीही खास आपल्या पद्धतीची.

कोल्हापूरचं यात एक वेगळेपण आहे असं मला वाटतं. इथे वैर उसनं आणायची गरजच नव्हती. पाटाकडील, शिवाजी तरुण, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस क्लब, बालगोपाल अशी मंडळं आणि तालमी इथे घराघरात वाटलेल्या आहेत. राजर्षी शाहू स्टेडियमवर स्थानिक संघांचे सामने असले की गॅलरी भरते. अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, तो याच मातीतला. पण पेठांचं वैर जन्मानं मिळतं. मूल ज्या गल्लीत जन्मलं त्या तालमीचं. विश्वचषकाचा संघ मात्र ज्याचा तो निवडतो. म्हणून एरवी एका सुरात ओरडणारी तालीम त्या महिन्यात दुभंगते, आणि एरवी समोरच्या गॅलरीत बसणारा अचानक आपला होतो. वाद घालायची भूक तीच, फक्त माणसांची वाटणी नव्यानं होते. स्थानिक सामन्यात एका शिवीनं मैदान पेटतं आणि हुल्लडबाजीपायी सामने थांबवावे लागल्याचं शहरानं पाहिलं आहे. विश्वचषकात बहुतेक वेळा चेष्टेवर भागतं, कारण चिडवणारा आणि चिडणारा एकाच ताटातले असतात.

चेष्टा म्हणजे तरी किती! २०१४ ला ब्राझीलनं स्वतःच्या घरात, बेलो होरिझोंतेला, जर्मनीकडून १-७ असा मार खाल्ला. अर्जेंटिनाचे चाहते सात बोटं दाखवत हिंडले. त्या स्पर्धेत त्यांनी एका अमेरिकन रॉक गाण्याच्या चालीवर ब्राझीलला डिवचणारं गाणं रचून आधीच तोंडपाठ केलं होतं. मग माराकाना मैदानावरच्या अंतिम सामन्यात ब्राझीलवाल्यांनी काय केलं? ज्यांनी सात गोल घातले त्याच जर्मनीचा जयजयकार केला. जर्मनी जिंकली, १-०. सात गोलांचं दुःख शेजारी जिंकण्यापेक्षा परवडलं.

पण हे हसण्यावारी नेताना एक नाव माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. आंद्रेस एस्कोबार, कोलंबियाचा बचावपटू. १९९४ च्या विश्वचषकात अमेरिकेविरुद्ध चेंडू अडवताना त्याच्या पायाला लागून स्वतःच्याच गोलात गेला. दहा दिवसांनी त्याच्या स्वतःच्या मेदेयिन शहरात त्याला गोळ्या घालून मारलं. त्या गोलाशी खुनाचा नेमका किती संबंध, यावर अजून चर्चा होते. पण तो गोल करून माणूस घरी परतला होता, एवढं तरी खरं आहे. एकाच ताटातले असले की भांडण आपोआप आवरतं, असंही नाही. आपल्या शेजारच्या बांगलादेशात ब्राझील-अर्जेंटिना हे वेड आपल्यापेक्षा कितीतरी मोठं आहे आणि तिथे गावातलेच शेजारी एकमेकांवर लाठ्या घेऊन धावले आहेत. २०२१ च्या कोपा अमेरिका स्पर्धेत हे दोन संघ अंतिम सामन्यात आले, तेव्हा सामना हजारो मैलांवर रिओत, आणि बंदोबस्तासाठी पोलीस रस्त्यावर बांगलादेशातल्या ब्राह्मणबारिया जिल्ह्यात! अर्जेंटिना १-० नं जिंकली. माझी स्वतःची कसोटी साधी आहे. तोंडावर चिडवावं, आणि उद्या आपली पाळी आली की निमूट चिडवून घ्यावं. ज्याला दुसरं जमत नाही, त्यानं पहिलं करू नये.

याच बांगलादेशात २०२२ साली ढाका विद्यापीठाच्या आवारात मोठ्या पडद्यापुढे हजारो माणसं मेस्सीसाठी जागत होती. त्याची चित्रं अर्जेंटिनात पोचली. तिथल्या फुटबॉल संघटनेनं जाहीर आभार मानले आणि तिथले लोक बांगलादेशाच्या क्रिकेट संघाची चौकशी करू लागले. ढाक्यातला आपला दूतावास अर्जेंटिनानं १९७८ साली बंद केला होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये, विश्वचषक जिंकल्यानंतर अडीच महिन्यांच्या आत, तो पुन्हा उघडला. उद्घाटनाला त्यांचे परराष्ट्रमंत्री स्वतः आले होते.