एका पानाची जबानी

माहिती तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात नोकरी धुंडाळणाऱ्या नव्या उमेदवाराचा रेझ्युमे बहुधा एका पानाचा असतो, आणि ह्या आटोपशीर आकारामुळेच तो एका संध्याकाळी उरकण्याजोगा आहे असा समज अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात सर्वत्र आढळतो. वरच्या वर्गातील कोणाचा तरी मसुदा मिळवावयाचा, त्यातील नाव आणि गुण बदलावयाचे आणि मुदतीपूर्वी प्लेसमेंट विभागाकडे दाखल करावयाचे, असा रिवाजच पडून गेला आहे. पुण्यात सॉफ्टवेअरच्या व्यवसायात दीर्घकाळ काढल्यावर आणि मुलाखत घेणाऱ्याच्या बाजूने असे कागद पुष्कळ वाचल्यावर, हल्ली मी जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेल्या विद्यार्थ्यांसमवेत त्यांचे रेझ्युमे घडवीत बसतो. आणि हे काम जितके जवळून पाहावे तितके ते लेखनाचे कमी व तपासाचे अधिक आहे, अशी माझी खात्री होत गेली आहे.

कोल्हापूर जिल्ह्यातील एका खेड्यातून आलेली संगणक अभियांत्रिकीची एक विद्यार्थिनी प्लेसमेंटच्या हंगामापूर्वी आपला मसुदा घेऊन आली. कागद देखणा होता. डावीकडे निळा पट्टा, त्यात छायाचित्र, त्याखाली जावा 80 टक्के, पायथन 70 टक्के असे दर्शविणाऱ्या रंगीत रेघा. शिरोभागी आव्हानात्मक पदाच्या शोधात असल्याचे ते सर्वपरिचित उद्दिष्ट. आणि तळाशी वडिलांचे नाव, जन्मतारीख, छंद व वरील माहिती सत्य असल्याचे प्रतिज्ञापन. मी तिला त्या पीडीएफमधील यच्चयावत मजकूर निवडून नोटपॅडमध्ये चिकटवावयास सांगितले. पडद्यावर जे उमटले ते पाहून ती क्षणभर बोललीच नाही. दोन रकान्यांतील ओळी एकमेकींत मिसळल्या होत्या, रंगीत रेघा नाहीशा झाल्या होत्या, दूरध्वनी क्रमांकाच्या आधी एक निरर्थक चौकोन उमटला होता, आणि ज्या इंग्रजी शब्दांत एफ व आय ही अक्षरे जोडून छापली होती, त्यांतून ती दोन्ही गळाली होती.

मोठ्या कंपन्यांकडे अर्ज पोहोचतो तेव्हा त्यातील मजकूर प्रथम एक प्रणाली उपसून घेते व नाव, शिक्षण, कौशल्ये अशा रकान्यांत त्याची वाटणी करते. नंतर भरतीचे काम पाहणारी व्यक्ती त्या साठ्यात हवे ते शब्द शोधते. यंत्र सर्वांचे अर्ज परस्पर फेटाळते ही वदंता सरसकट खरी नव्हे, परंतु जो मजकूर त्यास वाचताच आला नाही तो शोधणाऱ्याच्या हाती लागत नाही, हे मात्र खरे. सबब निळा पट्टा, छायाचित्र आणि रेघा काढून सारा मजकूर एकाच रकान्यात, साध्या टंकात व रूढ मथळ्यांखाली आणला. उद्दिष्ट आणि प्रतिज्ञापन ह्यांना रजा दिली, वडिलांचे नाव व जन्मतारीख ह्यांचीही आवश्यकता नव्हती. हे सारे अर्ध्या तासाचे काम.

खरा प्रश्न त्यानंतर उभा राहिला, कारण उरलेल्या कागदावर प्रकल्प ह्या मथळ्याखाली एकच ओळ होती : जावा व मायएसक्यूएल वापरून केलेली दुग्धव्यवसाय व्यवस्थापन प्रणाली. अशी ओळ शेकडो कागदांवर असते.

“हे कुठं चालू आहे का?” मी विचारले.

“आहे की सर, आमच्या गावच्या डेअरीत. पण त्यात काय सांगण्यासारखं? बिलाचं काम आहे नुसतं.”

त्या बिलाच्या कामावर आमची सारी दुपार गेली, आणि ती सत्कारणी लागली. गावच्या संस्थेत सकाळ-संध्याकाळ दूध येते, मापाबरोबर फॅट व एसएनएफ, म्हणजे स्निग्धांशाव्यतिरिक्तचे घनपदार्थ, तपासले जाते, गाईच्या दुधाचा मूळ दर 3.5 फॅट व 8.5 एसएनएफला धरून प्रत्येक दशांशागणिक तो चढतो किंवा उतरतो, आणि दहा दिवसांचे बिल करताना पशुखाद्याची उचल त्यातून वळती करावी लागते. एकदा दहा दिवसांच्या मध्येच दरपत्रक बदलले, तेव्हा तिच्या पहिल्या आवृत्तीने मागील दिवसांचे दूधही नव्या दराने मोजले आणि उत्पादकांत बोलाचाली झाली. त्यावर तिने प्रत्येक दरपत्रकास ते लागू झाल्याची तारीख जोडली आणि दूध घातले त्या दिवशीचाच दर हिशेबास घेतला जाईल अशी व्यवस्था केली. ऐन संकलनाच्या वेळी वीज गेली तर नोंद अर्धवट राहू नये, म्हणून माप, फॅट व रक्कम एकत्रच साठवावी, अन्यथा त्यांतील काहीच साठवू नये, ही तजवीजही तिने केली होती. बँकांच्या आणि विमा कंपन्यांच्या प्रणाली सांभाळणारे प्रोग्रॅमर ज्या प्रश्नांशी वर्षानुवर्षे झुंजतात, त्यांतील दोन ह्या मुलीने गावच्या डेअरीत सोडविले होते, आणि तिच्या कागदावर त्यांचा मागमूसही नव्हता.

उत्पादक किती, असे विचारता ती म्हणाली, “दोनशे असतील.” मुलाखतीत असा आकडा कोठून आणला हे हटकून विचारतात, म्हणून तिने तेथूनच दूध संस्थेच्या सचिवकाकांना फोन लावला, त्यांनी खातेवही पाहून 143 सांगितले, आणि कागदावर 143 लिहिले गेले. इंग्रजीत उतरलेल्या त्या ओळींचा आशय असा झाला : सहकारी दूध संस्थेच्या 143 उत्पादकांची बिले काढणारी, प्रत्यक्ष वापरात असलेली प्रणाली, लागू-तारखेनुसार दर घेतल्यामुळे दरबदलानंतरही पूर्वीचे हिशेब अबाधित, वीज खंडित झाली तरी नोंद अपुरी राहत नाही.

कौशल्यांच्या यादीत मशीन लर्निंग आणि ब्लॉकचेन होते. “सगळेच घालतात, सर,” ती म्हणाली. परंतु रेझ्युमेतील प्रत्येक शब्द ही जबानी असते आणि तिची उलटतपासणी व्हावयाचीच असते. तेव्हा ज्या शब्दावर पाच मिनिटे बोलता येणार नाही तो ठेवू नये, एवढाच नियम मी लावला, आणि ते दोन्ही शब्द गेले. एसक्यूएलची परीक्षा घ्यावी म्हणून लेफ्ट जॉइन कशासाठी वापरलास असे विचारले, तर ज्यांनी त्या दिवशी दूध घातले नाही त्यांचीही नावे यादीत दिसावीत म्हणून, असे उत्तर तिने तत्काळ दिले. पुस्तकी व्याख्येपेक्षा ह्या उत्तराचे मोल मी अधिक मानतो. तिचा कोड गिटहबवर सर्वांसाठी खुला होता आणि त्यात डेटाबेसचा पासवर्ड तसाच राहिला होता. तो नव्या आवृत्तीतून पुसला तरी गिटच्या इतिहासात शिल्लक राहतो, म्हणून प्रथम पासवर्डच बदलावयास लावला, आणि मग प्रकल्प काय करतो व कसा चालवावा ह्याचा चार ओळींचा खुलासा तेथे लिहविला.

अनुभवाचे बनावट दाखले विकणारे लोक शहरात आहेत, आणि निराश झालेली मुले त्यांच्या नादी लागतात, ह्याचे मला फार वाईट वाटते. 2014पासून भविष्यनिर्वाह निधीच्या खातेदारास यूएएन हा एकच क्रमांक मिळू लागला; कोणत्या आस्थापनेत कधीपासून कधीपर्यंत वर्गणी भरली गेली हे त्यावरून कळते, आणि पुष्कळ कंपन्या रुजू करून घेताना वा त्यानंतरही ते ताडून पाहतात. कमावलेली नोकरी त्या एका पडताळणीत जाते.

तिची स्वतःची चिंता निराळी होती. बारावीला 58 टक्के, आणि महाविद्यालयात येणाऱ्या अनेक कंपन्यांची अट दहावीपासून सलग 60ची. तो आकडा गाळावा काय? गाळून उपयोग नव्हता, कारण पात्रतेच्या अर्जात तो भरावाच लागतो. आणि ज्या कंपन्या ही अट घालीत नाहीत त्यांच्यासाठी तो कागदाच्या तळाशी, शिक्षणाच्या मथळ्याखाली, स्पष्ट लिहून वरची जागा डेअरीच्या कामास देणे इष्ट होते. दोन टक्क्यांच्या उणिवेसाठी असे काम करणाऱ्या मुलीस दारातूनच परत पाठविणारी अट मला अन्याय्य वाटते, आणि भरती करणाऱ्या माझ्या स्नेह्यांना मी ते वेळोवेळी सांगतो.

पुढे एका कंपनीत टेस्टिंगची जागा निघाली तेव्हा तिने स्वतःच दुसरी प्रत तयार केली, आणि तीत दरबदलाने बिघडलेल्या बिलांची हकीकत, म्हणजे चूक कशी उघडकीस आली आणि दुरुस्तीनंतर कोणकोणत्या तारखांचे हिशेब खातेवहीशी पुन्हा ताडून पाहिले, हे प्रकल्पाच्या अगदी पहिल्या ओळीत आणले.